एक्केचाळिसावी साइट

“पेटीदुरुस्तीची आपली वेबसाइट आज शोधात कितवी गं?” हार्मोनियम उघडून बसलेल्या अप्पांनी लेकीला विचारलं.

“एक्केचाळिसावी. साइटवरून काय शिकलो ते वाचणाऱ्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं तरच ती वर चढते, आणि तुमचे वाचणारे काही सांगत नाहीत. मग शोधयंत्र तुम्हाला वर कसं नेणार?” शाल्मली म्हणाली.

“गिऱ्हाइकांच्या साइटी चढवतेस आणि बाप तळाला!” अप्पा हसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

शोधयंत्राचा नियमच होता: मालक गेल्यावर तेरा दिवसांत काही शिकल्याची अशी एकही साक्ष आली नाही, तर साइट शोधातून कायमची उतरायची. बाराव्या दिवसापर्यंत कोणीच बोललं नव्हतं. गिऱ्हाइकांच्या वाचकांना एरवी पढवायची ती ठरीव वाक्यं बाजूला सारून शाल्मलीने माइक सुरू केला.

“मला पेटी येत नाही. पण बिघडलेला सूर सापडेपर्यंत न चिडता ऐकत बसणं मी यांच्याकडून शिकले. अप्पा, तुम्हाला हे कधी सांगितलंच नाही.”