जिवटाचं कडं

मूठभर जिवट काढायला अख्खा डोंगर पोखरावा लागे. या धातूची कडी जोडीनं घडवायची, एकाच तुकड्यातून. एक खाणकामगाराच्या मनगटात, दुसरं त्याच्या बायकोच्या. तो जिवंत असेतोवर तिचं कडं चमकतं. त्याचा जीव गेला की काळंठिक्कर पडतं. त्या भरवशावरच बायका नवऱ्यांना खाली पाठवत.

आज बोगदा ढासळला. खाणीच्या तोंडाशी बायका चमकती मनगटं नाचवत खणणाऱ्यांना ओरडून सांगत होत्या, "थांबू नका रे, सगळे जिवंत आहेत!" एकट्या लोहाराच्या लेकीचं कडं काळं पडलं होतं. शेजारीण तिला पोटाशी धरून म्हणाली, "नेमका तुझ्यावरच कसा गं घाला पडला!"

लेक तिचा हात झिडकारून बापाकडे धावली. "बाबा, सगळ्यांची कडी तुम्हीच घडवलीत ना? मग माझंच खोटं निघालं असेल. हो ना? बोला ना!"

खरं जिवट बाहेर विकून खाणीच्या मालकानं केव्हाच ढेकर दिला होता आणि कामगारांची बोळवण कल्हई केलेल्या लोखंडावर केली होती. पोटावर पाय नको म्हणून लोहारही मूग गिळून बसला होता. फक्त पोटच्या पोरीसाठी त्यानं खऱ्या जिवटाचा एक तुकडा चोरला होता.

त्यानं त्या चमकत्या मनगटांकडे एकदा पाहिलं.

"हो गं बाळ," तो म्हणाला, "तुझंच तेवढं खोटं."