सुनेचं रक्त

दिवसभर लोकांच्या कुत्र्यांना आंघोळ घालून, त्यांच्या अंगावरच्या गोचिड्या काढून सून घरी आली, की सासूबाई नाक मुरडायच्या. "आधी अंग धू, मग माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाक," हे रोजचंच.

सासूबाईंच्या पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त कमी पडलं. मुलाचं जुळलं नाही, सुनेचं जुळलं. तेव्हापासून त्यांचा सूरच पालटला. शेजारीण भेटायला आली तर म्हणाल्या, "हिच्याबद्दल आता जपून बोलायचं बरं का. माझ्या अंगात हिचंच रक्त खेळतंय." आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी सुनेला 'बाळ' म्हणून हाक मारली.

महिनाभराने त्यांना ताप भरला, डोळे पिवळे झाले. पुन्हा दवाखाना. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सुनेला बाहेर बोलावलं.

"हा जंतू गोचीड चावल्याने रक्तात शिरतो. तुम्ही धडधाकट, म्हणून तुम्हाला काही जाणवलं नाही. त्यांना तो तुमच्या रक्तातून गेलाय. औषधं चालू आहेत, आज रक्तही चढवू, पण फारशी आशा धरू नका. जवळच्यांना बोलावून घ्या."

सून डोळे पुसून खाटेपाशी येऊन बसली. सासूबाईंनी चाचपडत तिचा हात धरला आणि मागोमाग आलेल्या डॉक्टरांना दम खात खात सांगितलं,

 

"रक्त द्यायचं तर माझ्या या लेकीचंच द्या हो, दुसऱ्या कुणाचं मला मानवायचं नाही."