ज्याचं त्यानं सांगायचं

"माकडाची गोष्ट संगिताताई सांगतील," रविंद्र सर स्टेजमागं हळूच म्हणाले. "तुमी विहिरीची सांगा."

जुन्या ओढणीला पीळ घालून केलेली माकडाची शेपटी ऐश्वर्याच्या हातातच राहिली.

"सर, माकडाची माझी हाय. रोज सांगते मी माझ्या सांचीला. तीच ऐकायला आलीय, समोर बसलीय बघा."

"माकडाची कोणीबी सांगंल. विहिरीची तुमच्याबिगर कोण सांगणार? चार घरचे चार जण, ज्याचं त्यानं सांगायचं. लोक त्याच्यासाठीच तर बोलावतेत आपल्या गोष्टीच्या ग्रुपला."

भावसिंग बाजूला फेटा बांधत होता. तो एसटीत कंडक्टर. "मी बसमधल्या गमती सांगतो म्हणलं, तर सर म्हणले तांड्याची सांग. बसमध्ये मी काय फेटा बांधून तिकिटं फाडतो काय?"

ऐश्वर्याला हसू आलं नाही. आजीच्या विहिरीची गोष्ट तिनं एकदाच सांगितली होती, तालमीनंतर चहा पिता पिता, आपली माणसं समजून. सांचीला अजून सांगितली नव्हती. पाच वर्षांचं लेकरू. सांगायची होतीच कधीतरी. पण घरी, कुशीत घेऊन, तिला पेलेल तेव्हा.

"सर, लेकरू हाय माझं समोर."

"मग तर चांगलंच. तिलाबी कळू द्या."

संगिताताईंनी तिच्या हातातून शेपटी अलगद काढून घेतली. "वाईट नका वाटून घेऊ हं."

माईकवर ओळखी सुरू झाल्या. संगिताताई, शिक्षिका. किसनराव, प्रगतिशील शेतकरी. तांड्यावरचे भावसिंग. "आणि वंचित समाजातून पुढं आलेल्या आपल्या ऐश्वर्याताई." ती हिंगोलीला दवाखान्यात फार्मासिस्ट होती, ते राहूनच गेलं.

संगिताताईंच्या माकडावर डोंगरकडा गावातला सगळा मंडप हसला. घराशेजारच्या मिनाला बिलगून बसलेल्या सांचीचे ओठ वाक्यावाक्याला हलत होते. एका जागी ताई चुकल्या, तेव्हा तिनं मान वळवून आईला शोधलं.

विहिरीची सांगायची नाही, असं ठरवूनच ऐश्वर्या माईकपाशी गेली. पण सरांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसायला पदर हातात घेऊन ठेवले होते.

तिनं सांगितली. आजी जनकाबाई सांचीएवढी असताना विहिरीपासून लांब कशी उभी राहायची, तहान लागली तरी कशालाच हात लावायची नाही, कोणाला दया आली तर ते वरून पाणी कसं ओतायचे. ओंजळ करून दाखवली. माकडापेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

"म्हणलो न्हवतो?" सर म्हणाले.

ती खाली उतरली. सांचीची खुर्ची रिकामी होती. मंडपाच्या टोकाला पाण्याच्या जारपाशी पोरांची ढकलाढकली चालली होती. सांची त्यांच्यापासून लांब उभी होती. मिनानं भरलेला ग्लास तिच्यापुढं धरला.

सांचीनं ग्लासाला हात लावला नाही. ओंजळ तोंडापाशी नेली.

"वरून ओत," ती म्हणाली.