बोनस कोणाचा

"लायसन दे रे दशरथ जरा," विमा एजंट चंद्रप्रकाश म्हणाला आणि वर न बघताच त्याने हात पुढे केला.

दशरथने खिशातून लायसन काढून दिलं. पन्नाशीचा माणूस; तिशीतल्या एजंटाचं हे 'रे' त्याने सोडून दिलं. दुपारची वेळ होती, मुलुंडच्या पाचरस्त्याजवळच्या त्या दवाखान्यात पेशंट नव्हते. टेबलापलीकडे डॉक्टर कुंदा सबनीस बसल्या होत्या. आज त्या आपल्या ड्रायव्हरकडे बघायचं टाळत होत्या.

"नवीन पॉलिसी काय?" दशरथने विचारलं.

"छे! क्लेमचा फॉर्म. फियाट ठोकली ना काल."

ठोकली होती खरी. काल रविवार, दशरथची सुट्टी. बाईंना हुक्की आली, आपणच चालवून बघू. सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला ते पसंत पडलं नाही. डावा मडगार्ड आत गेला, हेडलाइट फुटला. सकाळी त्या पोच्यावरून दशरथने कितीदा तरी हात फिरवला होता.

चंद्रप्रकाशचं लिहिणं आणि बोलणं एकदमच चालायचं. "मॅडम, पाच वर्षं तुमचा एकही क्लेम नाही, म्हणून हप्त्यात सूट वाढत गेली. आता क्लेम केला की नो क्लेम बोनस गेला. पुन्हा पहिल्यापासून. पण पोचा मोठा आहे हो. मी सांगतो, क्लेमच फायद्याचा."

"कसला बोनस?" दशरथ म्हणाला.

गिरणीत बावीस वर्षं काढलेल्या माणसासमोर हा शब्द जपून वापरावा. चंद्रप्रकाशला हे कोणी शिकवलं नव्हतं.

"अरे, पाच वर्षं गाडी नीट चालली, कुठे धडकली नाही, त्याचं बक्षीस."

"गाडी काय आपली आपण चालली?"

"तू चालवलीस, कबूल. पण बोनस मालकाचा. गाडी ज्याच्या नावावर, त्याचा."

"गिरणी पण शेटच्याच नावावर होती. बोनस आम्ही घ्यायचो. गेटवर उभे राहून."

एजंट हसला. "तसला बोनस नाही रे बाबा हा. हातात काही पडत नाही, नुसता हप्ता कमी होतो."

"हातात पाडा म्हटलं काय मी? मानखुर्द म्हणू नका, बोरिवली म्हणू नका, पाच वर्षं फिरवतोय. त्या तुमच्या कागदावर माझं नाव कुठे आहे, तेवढं दाखवा."

"ड्रायव्हरच्या नावाला त्या कागदात रकानाच नसतो."

"मग माझं लायसन कशाला?"

"ह्या कागदात असतो ना!" चंद्रप्रकाशने फॉर्मवर बोट ठेवलं. "अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं, ते इथे लिहायचं. मॅडमकडे लायसन नाही. त्यांचं नाव टाकलं तर कंपनी दमडी देणार नाही. म्हणून तुझं टाकतो. लफडं काही नाही, फक्त इथे सही ठोक."

दशरथने त्या रकान्याकडे बघितलं. मग बाईंकडे. त्या पेनाचं टोपण काढत-घालत होत्या. नाही म्हटलं तर उद्या किल्ली दुसऱ्याच्या हातात जाईल, हे कळण्याइतका तो शहाणा होता. गिरण्यांची दारं बंद, वय हे असं. तरी त्याला भीती वाटली नाही, राग आला. आणि रागावला की दशरथची भाषा मुलुंड सोडून थेट मालवण गाठायची.

"वा रे वा! बोनस बाईंचो आणि पोचो माझो?"

"आवाज हळू, दशरथ. दवाखाना आहे हा," एजंट म्हणाला.

"पाच वर्षां माझ्या नावाक जागा नाय गावली. आज गावली ती ही? माझ्या हातान ह्या गाडयेक टाचणीएवढो ओरखडो नाय. नोकरी गेली तरी चलात, पन ही सही मी करूचंय नाय."

त्याने टेबलावरचं लायसन उचललं आणि खिशात घालून वरचं बटण लावलं.

"मॅडम, तुम्ही सांगा ना त्याला," चंद्रप्रकाश म्हणाला.

सगळेच असं करतात, नुसता कागद तर आहे, असं डॉक्टर सकाळपासून स्वतःला समजावत आल्या होत्या. त्यांना आता लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. त्यांनी फॉर्म पुढ्यात ओढला आणि त्या रकान्यात सावकाश मराठीत लिहिलं: 'मी स्वतः. कुंदा सबनीस. लायसन नाही.' खाली सही केली.

"अहो मॅडम! असा फॉर्म घेऊन गेलो तर मला ऑफिसात हसतील!"

"मग नका नेऊ. पोचा मी काढून घेईन."

चंद्रप्रकाशने बॅग आवरायला घेतली. पण सवय वाईट, जाता जाता तो बोललाच, "चला, क्लेम नाही म्हणजे तुमचा बोनस तरी राहिला."

डॉक्टरांनी तो कागद दशरथच्या पुढे सरकवला.

दशरथने तो खिडकीपाशी नेला आणि ओठ हलवत एकेक शब्द वाचला. सावकाश, दोनदा.

"बाईनू," तो म्हणाला, "पाच वर्षांत आज पयल्यांदा तुमचा अक्षर माका वाचूक इला."