गाडी भरल्यावर

गावच्या दवाखान्यातली एकमेव नर्स तियामिके मिनीबसमध्ये एकटीच बसली होती. रात्री मलावीच्या राजधानीतून, लिलाँग्वेहून, तिचं लंडनचं विमान होतं. बाहेर गोरखचिंचेखाली अख्खं गाव गाठोडी घेऊन उभं होतं, पण गाडीत कुणीच चढत नव्हतं. "फायसन, काढ ना गाडी," ती ड्रायव्हरला म्हणाली. "भरल्याशिवाय गाडी हलत नाही, सिस्टर. तुम्हाला काय नवीन सांगायचं?" म्हातारी नाचिसाले खिडकीतून उकडलेली रताळी देत म्हणाली, "खा पोरी, वेळ लागेल." "आजी, अडवू नका. पगार वेळेवर नाही, हातमोजे धुऊन वापरते. तिथून पैसे पाठवीन, चांगला दवाखाना बांधा." "बांधू की. मग बाळंतपणं काय भिंती करतील?" तियामिकेनं पर्स उघडली. "फायसन, सगळ्या सीटांचे पैसे घे. झाली ना गाडी फुल? चल." फायसननं नोटांकडे न बघता किल्ली काढून खिशात टाकली. "सिस्टर, माझ्या बायकोला नववा लागलाय."