जास्तीची दोन बोटं

फोटोवरचा कागद निघाला, टाळ्या पडल्या आणि मावशींना दिसलं, की फोटोतल्या त्यांच्या उजव्या हाताला पाच बोटं आहेत.

त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हाताकडे. हाताला तीनच होती, अंगठा आणि शेजारची दोन. बाकीची दोन एकवीस वर्षांपूर्वी याच खोक्यांच्या कारखान्यात, याच कटिंग मशीनच्या पात्याखाली गेली होती.

"काय जिवंत फोटो आलाय," मॅनेजर म्हणाला. फोटो काढणारा त्याचा भाचा शेजारीच उभा होता. मान नम्रपणे खाली, कान मात्र कौतुकाकडे.

पठ्ठ्यानं मेहनत घेतली नव्हती असं कुणी म्हणू नये. दोन कॅमेऱ्यांपैकी कुठला घ्यावा यावर त्यानं तीन महिने घरच्यांचं डोकं खाल्लं होतं आणि शेवटी तिसराच घेतला होता. वर लेन्स वेगळी, स्टँड वेगळा, उजेड मऊ करायची पांढरी छत्री वेगळी. झाडाची पानं, शेजारची मांजर, झोपलेले आजोबा यांच्यावर सराव झाला होता. मावशींना त्यानं दीड तास मशीनपाशी उभं केलं. चेहरा मधोमध नको, जरा बाजूला हवा, पंजा वरच्या कोपऱ्यात हवा, म्हणजे बघणाऱ्याचा डोळा आधी तिकडे जातो, असं समजावून सांगितलं. मावशींना ते पटलं. डोळा तिकडेच जायला हवा होता.

कारण कारखान्यात एक रीत होती. मशीनवर नवी बाई आली, की मावशी तिच्यासमोर उजवा पंजा धरायच्या आणि म्हणायच्या, मोज. ती तीन म्हणाली, की म्हणायच्या, आता तुझी मोज, आणि संध्याकाळी जाताना परत मोज. एवढंच शिक्षण. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय पातं खाली येणार नाही, अशी सोय अपघातानंतर झाली होती खरी. पण घाईच्या दिवसांत एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवायचं आणि एक हात पुठ्ठा सरकवायला मोकळा करायचा, ही युक्ती कुणाला शिकवावी लागत नव्हती. मॅनेजरला ती चिकटपट्टी कधी दिसत नसे. आज मावशींचा शेवटचा दिवस होता आणि उद्यापासून मशीनवर वॉचमनची सून उभी राहणार होती. निरोपाची भेट म्हणून घड्याळबिड्याळ नको, माझ्या पंजाचा फोटो मशीनच्या वर टांगा, असं मावशींनीच सांगितलं होतं.

"ही बोटं कुठून आणलीत?" त्यांनी भाच्याला विचारलं.

भाचा फोटोजवळ गेला, बघितलं आणि हसला. त्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं. फोटो सुधारायचं एक सॉफ्टवेअर असतं, ते डाग काढतं, सुरकुत्या हलक्या करतं, मागचा पसारा पुसतं. त्याला हात अपुरा दिसला, त्यानं आपणहून पुरा केला. स्वतः भाच्याचं लक्ष तेव्हा उजेडावर आणि डोळ्यांवर होतं.

"पापणीचा केस न् केस मोजता येतो बघा," तो म्हणाला. "आणि हाताचं म्हणाल तर चांगलंच झालं ना, मावशी? छान दिसतोय."

मॅनेजरनंही मान डोलावली. बाहेरची माणसं कारखाना बघायला येतात, त्यांच्या नजरेला ते कशाला पडायला हवं, असं त्याचं म्हणणं पडलं.

मावशींची कानशिलं तापली. बोटं गेली त्या दिवशीसुद्धा त्यांना एवढा राग आला नव्हता. त्या दिवशी दुखत इतकं होतं, की रागावायला सवडच नव्हती.

फोटो कारखान्यातल्याच जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता. काच नव्हती, चौकट नव्हती. मावशींनी तो खिळ्यावरून उतरवला, मशीनवर ठेवला आणि मशीन चालू केलं. डाव्या बटणावर चिकटपट्टी होतीच. ती त्यांनी नखानं सोलून काढली, तिची गोळी केली आणि मॅनेजरच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. मग फोटोचा वरचा कोपरा पात्याखाली तिरका सरकवला आणि एक डोळा मिटून रेघ बघितली. फोटो बिघडेल, असं भाचा म्हणेपर्यंत त्यांचे दोन्ही हात दोन बटणांवर होते. पातं खाली आलं आणि वर गेलं.

कोपरा सुटून पडला. त्यात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मुळापासून. मधल्या बोटाला ओरखडासुद्धा नव्हता.

मावशींनी फोटो परत खिळ्यावर टांगला आणि वॉचमनच्या सुनेला पुढे बोलावलं. "मोज."

"तीन."

"आता तुझी."

ती ओठ हलवत मोजू लागली. मॅनेजर चहाच्या कपाकडे बघत राहिला. कुणी टाळी वाजवली नाही.

ती दहावर पोचली तेव्हा मावशींनी कापलेला कोपरा उचलला आणि भाच्याच्या तळहातावर ठेवला. आठवडाभर त्या त्याला अहो-जाहो करत होत्या.

"ही दोन तुझी," त्या म्हणाल्या. "मोजून घे."