गरम असताना

"गाडी बंद करा आणि किल्ली त्या खिळ्याला अडकवा," मेकॅनिक मान वर न करता म्हणाला.

तिने किल्लीवर तळहात ठेवला. "नाही करणार."

आता त्याने मान वर केली. गॅरेजच्या तोंडाशी स्कूटर धडधडत होती आणि हेल्मेटसुद्धा न काढता ती सीटवर ठाण मांडून बसली होती.

"ताई, तुमच्याआधी तीन गाड्या आहेत. तोवर इंजिनपण थंड होईल."

"तेच नकोय मला. थंड झाली की ती चालू होते. मग तुम्ही एक किक मारता आणि मला म्हणता, चालू आहे की गाडी."

"होतेच की."

"तुमच्यापुढे! गरम असताना बंद केली की अर्धा तास हूं की चूं करत नाही."

हे ती चौथ्यांदा सांगत होती. पहिल्या खेपेला त्याने प्लग बदलला होता, दुसऱ्या खेपेला कार्बोरेटर धुतला होता आणि तिसऱ्या खेपेला तिलाच किक मारायला शिकवली होती. नवऱ्याचं म्हणणं, गाडीला कळतं तू घाबरतेस ते. तिने व्हिडिओ काढून दाखवला, तर तो म्हणाला, पाय अर्धवट पडतोय बघ तुझा. पाळणाघराच्या बाईंनी तर व्हिडिओकडे बघितलंही नाही. पाळणाघर सहाला बंद होतं. या महिन्यात ती पाचदा उशिरा पोचली होती, आणि आज सकाळी बाईंनी लेकीला कडेवर घेता घेता दारातच सांगितलं होतं, "आज सहाच्या वर एक मिनिट झालं, तर उद्यापासून दुसरीकडे बघा. आणि गाडी बंद पडली हे तर सांगूच नका."

म्हणून ती ऑफिसातून तासभर आधी निघाली. दोन फेऱ्या जास्तीच्या मारून गाडी चांगली तापवली आणि थेट इथे आली. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. पाळणाघर इथून गाडीवर पाच मिनिटं.

"मी आता बंद करते. तुम्ही लगेच किक मारा. एकच."

"मारतो. म्हणजे सुटलो एकदाचा."

तिने किल्ली फिरवली. धडधड थांबली. परत फिरवली आणि उतरली. त्याने किक मारली.

काही नाही.

त्याने भुवया उचलल्या आणि दुसरी मारली. मग तिसरी. दहाव्या किकपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"पाय अर्धवट पडतोय का हो तुमचा?" तिने विचारलं.

तो हसला नाही. बाजूचं झाकण काढून वाकला आणि क्षणभर तसाच थांबला. "गरम इंजिनाला हात लावत नाही मी. वीस वर्षांचा नियम आहे. बोटं भाजतात."

"म्हणजे वीस वर्षं तुम्ही थंड गाड्याच दुरुस्त करताय."

त्याने पाना लावून प्लग सोडवला, सवयीने बोटांनी उचलला आणि "आई गं!" म्हणून टाकला. प्लग बाकाखाली घरंगळला. मग फडक्यात धरून त्याने तो वायरला जोडला, इंजिनाला टेकवला आणि किक मारली. दोघंही वाकून बघत होते. ठिणगीचा पत्ता नव्हता.

"करंटच नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "कॉइल गेलीय. तापली की झोपते, निवली की उठते. बरोबर सांगत होतात ताई."

हे वाक्य ऐकायला ती महिनाभर तरसली होती. तिने ते नीट ऐकून घेतलं, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे तिची नजर गेली.

"मग आता?"

"कॉइल उद्या येईल."

"उद्या? मला सहाच्या आत लेकीला घ्यायचंय!"

"मग बंद कशाला केलीत?"

तिने नवऱ्याला फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. रस्त्यावर एकही रिकामी रिक्षा दिसेना. चालत जायचं तर पाऊण तास. मेकॅनिकने प्लग परत बसवला, खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि इंजिनाला वारा घालायला लागला. काही वेळाने तिनेही दुसरा तुकडा उचलला. दर दोन मिनिटांनी तो किक मारत होता आणि दर वेळी दोघं एकमेकांकडे न बघता पुन्हा वारा घालत होते.

फोन वाजला. बाई.

"सहाला सात कमी आहेत. पोरगी बूट घालून दारात बसलीय."

"बाई, गाडी–"

"बंद पडली," बाईंनी वाक्य पुरं केलं.

तिने स्पीकर लावला आणि फोन मेकॅनिकच्या तोंडासमोर धरला. "तुम्हीच सांगा."

"बाई, मी गॅरेजवाला बोलतोय. ताईंची गाडी खरंच चालू होत नाहीये. मी स्वतः बघितलंय. खोटं वाटत असेल तर ऐका, मारतो किक."

त्याने किक मारली. गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली.



"चालू आहे की गाडी," बाई म्हणाल्या.

"अहो, आत्ता झाली! इतका वेळ नव्हती होत! तुम्ही समजून घ्या ना, गरम असताना ती... अहो, मी खरं सांगतोय!"

त्याचा आवाज चिरकला होता. तिला तो आवाज चांगलाच ओळखीचा होता. "निघाले, पाच मिनिटांत पोचते," असं फोनमध्ये सांगून तिने तो पर्समध्ये टाकला आणि सीटवर बसली.

"बंद करू नका!" तो मागून ओरडला. "बाईंच्या दारातसुद्धा बंद करू नका!"

तिने मान हलवली आणि गाडी रस्त्यावर घातली.

"आणि उद्या याल ना..." भाजलेली दोन बोटं त्याने तोंडातून बाहेर काढली. "गरमच आणा."